हिरव्या गाठींचा गहू

भाताला लोंबी येते, ज्वारी-बाजरीला कणीस येते आणि गव्हाला ओंबी येते. निफाड तालुक्यातल्या माझ्या माहेरी यातल्या पहिल्या शब्दाची कधी गरजच पडली नव्हती, त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला राजापूरजवळच्या सासरच्या घरी सासूबाईंनी माझ्या हातात भाताचा झुबका दिला, तेव्हा मी त्याला ‘ओंब्या’ म्हणाले आणि पडवीत बसलेली सगळी माणसे हसली.

त्या दिवशी घरात ‘नवं’ बांधायचे होते. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आंब्याच्या पानावर नव्या भाताची लोंबी, नाचणी, वरी, कुरडूचा तुरा आणि झेंडूचे फूल ठेवून दोऱ्याने त्याची जुडी बांधतात आणि ती देव्हारा, तुळस, दाराची चौकट, जाते, धान्याची कणगी आणि अलीकडे मोटारसायकलचे हँडल अशा घरातल्या प्रत्येक कामाच्या वस्तूला लावतात. कोकणात काही गावांत हे दसऱ्याला होते, तर काही गावांत कोजागरीला, म्हणजे नव्याच्या पुनवेला. पुढच्या वर्षीचे नवं येईपर्यंत जुनी जुडी तिथेच राहते. सासूबाईंच्या स्वयंपाकघरातली जुडी चुलीच्या धुराने काळपट झालेली असे, पण तिच्यातला एकही दाणा किडलेला मी पाहिला नाही. आमच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये लावलेली जुडी मात्र थंडी संपायच्या आत सोंड्यांनी पोखरलेली असे आणि खालच्या फरशीवर पिठासारखा भुगा पडलेला असे. हा फरक धुराचा असावा, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे गेली. पुढे जे काही सांगणार आहे त्यातली निम्मी खटपट त्या नसलेल्या धुराची भरपाई करण्याची आहे.

आमच्या बाजूला भात नाही. आमच्याकडे नवे धान्य म्हणजे गहू, आणि तो हाती येतो फाल्गुनात, गुढीपाडव्याच्या तोंडावर. पाडव्याला दाराला आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण लागतेच, तर त्या तोरणात घरच्या शेतातल्या ओंब्या असाव्यात आणि त्या निदान पावसाळ्यापर्यंत टिकाव्यात, एवढीच माझी इच्छा होती. ती धड पुरी व्हायला चार हंगाम लागले.

पहिल्या वर्षी, २०२२ साली, मी दादाला फोन करून सांगितले की गहू सोंगायला, म्हणजे कापणीला, आला की माझ्यासाठी दोन पेंढ्या बाजूला ठेव. त्याने ठेवल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या गव्हात काडीचीही खोट नव्हती. दाणा दातांखाली कट्‌कन फुटत होता आणि काड वाळून खडखडीत झाले होते. नेमके तेच माझ्या मुळावर आले. गाडीच्या डिकीतून पेंढ्या नाशिकला पोहोचल्या तेव्हा डिकीच्या तळाला मूठभर गहू सांडलेला होता; तोरणासाठी काड वाकवले की ते मोडत होते, ओंब्या उलट्या टांगल्या की हात लागताच दाणे गळत होते, आणि पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावरच्या रांगोळीत मुंग्यांची दुसरी रांगोळी उमटली होती. दाराला शेवटी उरली ती निव्वळ तुसे आणि कुसळे.

तेव्हा कळले की खाण्यासाठीचा गहू आणि टांगण्यासाठीचा गहू शेतात एकाच ओळीत उभा असला, तरी त्यांची कापणी एका दिवशी होऊ शकत नाही.

गव्हाचे वेळापत्रक आमच्याकडे पाणी देणाऱ्या प्रत्येक माणसाला पाठ असते, कारण पाण्याच्या पाळ्या त्यावरच ठरतात. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात, ४० ते ४५ दिवसांनी पीक कांडी धरते, ६० ते ६५ दिवसांनी ओंबी बाहेर पडून फुलोरा येतो आणि ८० ते ८५ दिवसांनी दाण्यात चीक भरतो. त्यानंतर हुरडा, मग दाणा कडक होणे, आणि ११० ते १२० दिवसांच्या सुमारास सोंगणी. शोभेसाठी कापणाऱ्याने या वेळापत्रकात दोन ठिकाणी खूण करायची असते.

पहिली खूण फुलोरा संपल्यावर, चीक भरायच्या आधी. या वेळी ओंबी पोपटी असते, कुसळे मऊ असतात आणि उन्हात धरली तर त्यांच्यावर रुपेरी झाक दिसते. दाणा अजून नावालाच असल्याने किडीला खायला फारसे काही नसते आणि गळायलाही काही नसते. हा गहू अंधारात वाळवला तर हिरवा रंग बऱ्यापैकी टिकतो. दुसरी खूण सोन्याच्या रंगासाठी. हुरड्याचे दिवस उलटल्यावर रोज एक ओंबी मोडून तळहातावर चोळायची आणि दाण्यावर नख दाबायचे. चीक बाहेर आला तर वेळ व्हायची आहे. नखाची नुसती खूण उमटली आणि चीक आला नाही तर विळा काढायचा. नख टेकवूनही खूण उमटत नसेल तर उशीर झाला. त्या दिवशी झाडाकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. ओंबी आणि तिच्याखालची शेवटची लांब कांडी पिवळी पडलेली असते, पण त्याखालच्या गाठी अजून हिरव्या असतात. या हिरव्या गाठी हीच माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण आहे, कारण नखाचा अंदाज माणसागणिक बदलतो, गाठीचा रंग बदलत नाही. गाठीत ओल आहे तोवर काड लवते. ती सुकली की काड ठिसूळ होते आणि दाण्याभोवतीची तुसेही सैल पडतात. सोंगणीच्या आठ-दहा दिवस आधीची ही वेळ असते, आणि ती चार-पाच दिवसांपेक्षा जास्त थांबत नाही.

जातीचाही प्रश्न आहे. निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचे संशोधन केंद्र असल्याने आमच्या भागात वाणांची नावे घराघरांत असतात, आणि ती नावे ऐकून नाशिककराला कोणी घरचा पत्ता सांगत असल्यासारखे वाटते: त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी. त्यांपैकी त्र्यंबक आणि तपोवन हे सरबती, म्हणजे पोळीचे गहू. पंचवटी आणि गोदावरी हे बन्सी, म्हणजे रव्या-शेवयांचे. दादा बहुतेक वर्षी गुजरातेतून आलेला लोक-१ पेरतो, कारण त्याच्या पोळीला आमच्या घरात तोड नाही असे वहिनीचे ठाम मत आहे. शोभेला मात्र बन्सी अधिक चांगला. त्याची ओंबी आखूड, घट्ट आणि चापट असते, कुसळे लांब असतात आणि दाणे एकमेकांवर बसवल्यासारखे दिसतात. खपली गव्हाची ओंबी बारीक असली तरी त्याचा दाणा टरफल सोडत नाही. मळल्यावरही तो टरफलासकट राहतो आणि कांडूनच काढावा लागतो. टांगून ठेवायच्या वस्तूला याहून सोयीचा गुण कोणता? सांगली-साताऱ्याकडून कोणी खपलीच्या चार ओंब्या दिल्या तर मी त्या देव्हाऱ्यात ठेवीन.

काडाच्या लांबीवरून मात्र माझी एक जुनी तक्रार आहे आणि ती थेट हरितक्रांतीकडे जाते. आजी सांगायची की तिच्या वेळी गव्हात शिरलेले वासरू दिसत नसे. उंच गव्हाला खत आणि पाणी भरपूर दिले की तो वाऱ्याने लोळतो, म्हणून मेक्सिकोत तयार झालेल्या बुटक्या जाती आपल्याकडे आल्या. १९६६ साली तिथून १८ हजार टन बियाणे आणले गेले आणि पुढे आपले बहुतेक वाण त्याच बुटक्या रक्ताचे झाले. देशाचे पोट त्याने भरले, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. तरीही वेणी घालताना ओंबीखालची बिनगाठीची कांडी वीतभरच हाती लागते, तेव्हा ते उंच काड आठवल्याशिवाय राहत नाही.

दुसऱ्या वर्षी मी वेळेवर गेले आणि दादाने अडवले. तो तसा माझ्या कोणत्याही मागणीला नाही म्हणणारा नव्हे, पण शिवारात उभ्या असलेल्या, दाणा भरत असलेल्या पिकात निव्वळ शोभेसाठी विळा घालायचा, हे त्याच्या मनाला पटेना. “पिकलं की सगळंच तुझं आहे, पण कच्चं कापू नकोस,” तो म्हणाला. मला त्याचे चुकते आहे असेही म्हणता येत नव्हते. आम्ही पानात टाकलेल्या अर्ध्या पोळीवरून बोलणी खाल्लेली भावंडे आहोत. मार्ग काढला तो वहिनीने. ती पाटावर बसून लसूण सोलत होती, तिने मान वर न करताच विचारले, “आणि हुरड्याला ओंब्या कापता तेव्हा? तेव्हा पिकायची वाट बघता का?” यावर दादाला बोलता आले नाही. भाजलेल्या हिरव्या ओंब्या तळहातावर चोळून, फुंकर मारून तोंडात टाकणे हे त्याचे आयुष्यभराचे व्यसन आहे.

तरी माझ्या समाधानासाठी मी हिशेब केला. एक मध्यम ओंबी चोळून दाणे मोजले तर ४२ भरले. एका तोरणाला साधारण ७० ओंब्या लागतात. दाराचे तोरण, देव्हाऱ्यापुरती जुडी आणि मैत्रिणींसाठी दोन तोरणे मिळून फार तर ३०० ओंब्या. त्यांचा पक्का गहू धरला तरी तो अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे आमच्या घरच्या एका वेळच्या पोळ्यांइतका होतो. एवढ्या ओंब्यांना चांगल्या पिकातली चौरस मीटरभर जागा पुरते. हे आकडे दादाला सांगितल्यावर त्याने बांधालगतचा, पाणी शेवटी पोहोचणारा एक सारा, म्हणजे वाफ्यासारखी लांब पट्टी, माझ्या नावे करून दिला. त्या साऱ्यात गहू तसाही पातळ असतो, आणि पातळ गव्हाच्या ओंब्या मोठ्या होतात हे मला माहीत असले तरी मी ते बोलून दाखवले नाही.

२०२५ चा हंगाम सर्वांत नीट जमला, म्हणून त्याचेच सविस्तर लिहिते. पेरणी १५ नोव्हेंबरची होती, आणि माझ्या साऱ्यात दादाने लोक-१ च्या शेजारी बन्सीच्या चार ओळी पेरल्या होत्या. २६ जानेवारीला रविवार होता, त्या दिवशी हिरव्या ओंब्या कापल्या, आणि महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी, म्हणजे २३ फेब्रुवारीला, पिवळ्या. निफाडची थंडी ज्यांनी वर्तमानपत्रात वाचली आहे त्यांना जानेवारीतल्या तिथल्या दवाची कल्पना येईल. सकाळी आठला गव्हात पाय घातला तर सलवार गुडघ्यापर्यंत भिजते. भिजलेला गहू कापून बांधला की तो आतून कुजतो, त्यामुळे दव सुकेपर्यंत बांधावर बसून राहावे लागते. दहा-साडेदहा ही योग्य वेळ. दुपारी मात्र कापू नये, कारण फेब्रुवारी अखेरच्या उन्हात पिवळी काडे पुन्हा कडक होतात.

कापायला मला सोंगणीला येणाऱ्या मावशींनी शिकवले. माझा विळा काडावर आपटत होता आणि काड चिरडले जात होते. मावशींनी माझ्या हातातून विळा घेतला, डाव्या मुठीत आठ-दहा काडे धरली, विळ्याचे पाते जमिनीपासून चार बोटांवर टेकवले आणि आपल्याकडे नुसते ओढले. खर्रकन आवाज झाला, एवढेच. मग त्यांनी ती मूठ जमिनीवर न टाकता डाव्या कोपराच्या खळीत, बाळ घेतल्यासारखी घेतली, आणि प्रत्येक नवी मूठ आधीच्या मुठीवर ओंबीला ओंबी लागेल अशी ठेवत गेल्या. खाली बुंधे लहानमोठे होतील तर होऊ द्यावेत, वर शेंडे सारखे हवेत, असे त्यांचे म्हणणे. एरवीच्या सोंगणीत कडपे जमिनीवर पडतात आणि त्यांची पेंढी बांधताना ओंब्या एकमेकींत गुंततात, ते मळणीला चालते. शोभेच्या गव्हात गुंतलेल्या दोन ओंब्या सोडवायला गेले की दोघींचीही कुसळे तुटतात.

कुसळाविषयी दोन शब्द लिहायला हवेत. एक कुसळ बोटांच्या चिमटीत धरून खालून वर, टोकाकडे बोट फिरवले तर ते रेशमासारखे लागते. वरून खाली फिरवले तर करवतीसारखे. त्याच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसणारे दाते असतात आणि त्या सर्वांचे तोंड टोकाकडे असते. म्हणूनच बाहीत शिरलेले कुसळ हात हलवाल तसे पुढेच सरकते, मागे येत नाही. सुती, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालावा आणि लोकरीचे काहीही घालू नये. पहिल्यांदा कापायला गेले तेव्हा मी स्वेटर घातला होता. तो स्वेटर पुढे कधीच कोणी घातला नाही.

वाळवण्यासाठी मला जी जागा मिळाली तिचा शोध अपघाताने लागला. दुसऱ्या वर्षी मी पेंढ्या नाशिकला आणून बाल्कनीत टांगल्या होत्या आणि बांधताना हाव केली होती. मनगटाएवढ्या जाडीच्या जुड्या, सुतळीने करकचून आवळलेल्या. आठवड्याने काडे सुकून बारीक झाली, सुतळी सैल पडली आणि दोन जुड्या रात्रीत खाली आल्या. उरलेल्या उलगडल्या तर आतल्या काडांवर राखाडी बुरशी होती आणि ओल्या गोणपाटाचा वास येत होता. तिसऱ्या वर्षी अवकाळी पावसाचे ढग आले म्हणून घाईने ओंब्या दादाच्या कांदाचाळीत नेऊन ठेवल्या आणि तिथेच विसरल्या. दहा दिवसांनी पाहिले तर त्या इतक्या सुरेख वाळल्या होत्या की मी आता दुसरीकडे जातच नाही.

विचार केला तर यात नवल काही नाही. कांदाचाळ बांधलेलीच असते हवेसाठी. जमिनीपासून उचललेला तळ, भिंतींच्या जागी फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, वर उतरते छप्पर. ऊन आत येत नाही, वारा मात्र एका बाजूने शिरून दुसरीकडून निघतो. आणि फेब्रुवारीत ती रिकामीच असते, कारण उन्हाळ कांदा चाळीत पडतो तो मार्च सरल्यावर. गव्हाला लागणारे तीन आठवडे नेमके त्या रिकाम्या काळात बसतात. दहा-बारा काडांची एक जुडी, बुंध्याला सुतळीऐवजी रबरबँड, म्हणजे काड आकसले की तोही आकसतो. आणि जुड्या चाळीच्या आडव्या तारेवर, ओंब्या खाली करून, दोन जुड्यांत हातभर अंतर ठेवून अडकवायच्या. उलट्या टांगल्याने ओंबीच्या वजनानेच काड सरळ राहते. उभे ठेवून वाळवले तर माना वाकतात आणि वाकलेल्या मानेने कडक होतात. त्यातही एक गंमत असते, पण तोरणाला ती उपयोगी नाही. तारेवर टांगण्याचे दुसरे कारण उंदीर.

फक्त हिरव्या ओंब्यांना चाळ चालत नाही. तिथे फटींतून जो उजेड येतो तेवढ्यानेही हिरवा रंग उडून त्या फिकट, आजारी पिवळ्या दिसू लागतात. त्यांच्यासाठी जुन्या घराचा माळा आहे, जिथे दिवसाही बॅटरी लागते. तिथे वारा कमी म्हणून जुड्या आणखी लहान, सात-आठ काडांच्या. बारा दिवसांनी काढल्या तेव्हा रंग सुकलेल्या कढीपत्त्यासारखा होता, ताज्या पोपटी रंगासारखा नव्हे. ज्यांना शेतातला हिरवा रंग जसाच्या तसा हवा असेल त्यांनी निराश व्हायची तयारी ठेवावी. उलट पिवळ्या ओंब्यांना चाळीतून काढल्यावर दोन दिवस गच्चीवरचे कडक ऊन दाखवले तर त्यांचा उरलासुरला हिरवेपणा जाऊन रंग उजळतो. वाळल्याची खूण सोपी आहे: गाठ दोन बोटांत वाकवली तर ती वाकत नाही, तुटते.

आता धुराची भरपाई. धान्यातल्या किडीची अंडी काही वेळा शेतातूनच दाण्याबरोबर येतात, त्यामुळे घर कितीही स्वच्छ असले तरी ज्येष्ठ महिन्याच्या सुमारास ओंबीतून बारीक पतंग उडू लागतात किंवा सोंडे फिरू लागतात. कडुनिंबाच्या पाल्यावर माझा पुष्कळ विश्वास होता, पण डब्यातल्या धान्यात जे चालते ते उघड्यावर टांगलेल्या ओंबीला पुरत नाही. अखेर फ्रीजर कामी आला. वाळलेल्या जुड्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करायच्या आणि चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवायच्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण दिवस तशीच राहू द्यायची, नाहीतर गार काडावर हवेतले पाणी जमते आणि इतके दिवस वाळवलेले सगळे पुन्हा ओले होते. लांब काडांना आमच्या फ्रीजरमध्ये जागा होत नाही, म्हणून आधी काडे तोरणाच्या मापाने कापून घ्यावी लागतात. आइस्क्रीमच्या डब्याशेजारी गहू पाहून आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने काही विचारले नाही, पण ते डोकावून दोनदा पाहून गेले.

केसांवर मारायचा फवारा मारला की ओंब्या गळत नाहीत, असा सल्ला पुष्कळ जण देतात. मी तो एकदा ऐकला. कुसळे एकमेकांना चिकटून ओल्या दाढीसारखी झाली आणि पंधरा दिवसांत त्यांच्यावर धुळीचा थर बसला. वेळेवर कापलेल्या गव्हाला याची गरज पडत नाही. फुलांच्या दुकानांत गुलाबी आणि निळा रंग दिलेल्या ओंब्या मिळतात, त्यांविषयी मी काही बोलणार नाही, कारण त्या विकत घेणाऱ्यांत माझी सख्खी नणंद आहे.

तोरण बांधण्याच्या आदल्या दिवशी काडावरची पाने काढतात. पान ओढून काढायचे नसते. काडाभोवती गुंडाळलेला त्याचा खालचा भाग नखाने उभा चिरला की ते सालीसारखे सुटून येते आणि आतून चकचकीत, पिवळेधमक काड निघते. मग फक्त काडे, ओंब्या नव्हे, अर्धा तास पाण्यात बुडवायची आणि ओल्या पंचात गुंडाळून ठेवायची. वाळलेले काड असे भिजले की तासभर पुन्हा लवचीक होते. ते दाबून चपटे केले की तीन पेडांची वेणी येते, आणि प्रत्येक वेणीफेरीत एक नवी ओंबी घालत गेले की सगळ्या ओंब्या एका बाजूला, खाली मान घालून ओळीने लटकतात. वेणी वाळली की आवळून बसते. तिच्यात मी सुती दोरा आतून घेते, कारण निव्वळ काडाच्या वेणीवर दाराचा भार टाकण्याइतका माझा हात बसलेला नाही. पिवळ्या पाच ओंब्यांमागे एक हिरवी, आणि पाडव्याच्या सकाळी मधूनमधून आंब्याची ताजी पाने खोचली. ३० मार्चला ते दाराला लागले. आंब्याची पाने तीन दिवसांत सुकली, ती काढून टाकली. ओंब्या तशाच राहिल्या.

त्या पाडव्याला दादा आणि वहिनी श्रीखंड घेऊन आले होते. दादाने चपला काढता काढता वर पाहिले, एक ओंबी बोटाने उचलली आणि म्हणाला, “बन्सी आहे का गं ही? दाणा चांगला भरलाय.” शोभेविषयी तो काहीही बोलला नाही.

पावसाळ्याचे काय करायचे, हा शेवटचा प्रश्न होता. जूनमध्ये हवेत ओल आली की वाळलेले काड ती शोषते, दाणे फुगतात आणि फ्रीजरने वाचवलेले सगळे बुरशी घेऊन जाते. दादाला दिलेला शब्दही होता की दाणा फुकट जाणार नाही. म्हणून मृगाच्या आधी मी तोरण दारावरून काढले आणि बाल्कनीच्या गजाला चिमण्यांसाठी बांधले. पहिले दोन दिवस कोणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी दोन चिमण्या आल्या आणि मग सकाळी सहापासून नुसता कलकलाट. चिमणी ओंबीला उलटी लटकते, तूस चोचीने बाजूला सारते आणि दाणा काढून तिथेच सोलते. तूस खाली गिरक्या घेत येते. आठवडाभरात खालच्या मजल्यावरून झाडू मारण्याविषयी एक सौम्य निरोप आला.

चिमण्या निघून गेल्यावर तोरण काढायला गेले, तेव्हा जवळजवळ निम्म्या ओंब्या मोडलेल्या होत्या. उरलेल्या निम्म्या मात्र दोन हातांवरून पाहिल्या तर भरलेल्याच वाटत होत्या: कुसळे जागच्या जागी, तुसांची वेणी तशीच, फक्त हातात घेतल्यावर कागदासारख्या हलक्या. त्या वेगळ्या काढून मी एक आखूड तोरण पुन्हा बांधले आणि देवघराच्या चौकटीला लावले. जुलै गेला, ऑगस्ट गेला. खाण्यासारखे काही नसल्याने सोंडे आले नाहीत, आणि ओल धरायला दाणा नसल्याने बुरशीही दिसली नाही. मधल्या एका ओलसर आठवड्यात काड थोडे नरमले होते, ते ऊन पडताच पूर्ववत झाले. दसऱ्याला सासरहून ‘नवं’ आले ते त्याच्याच शेजारी बांधले आहे. यंदाही १५ नोव्हेंबरच्या सुमारास पेरणी आहे, आणि बन्सीच्या चारऐवजी सहा ओळी टाकायला दादाला सांगितले आहे, दोन चिमण्यांच्या.